कूळ शोधायला निघालेला माणूस

आजचा भाग चालता चालता ऐकत असाल तर उत्तमच, कारण विषय चालण्याचाच आहे. वाचत असाल तर मात्र एका जागी बसून वाचा. रस्त्यात मोबाइलमध्ये डोकं घालून चालू नका.

आपल्याकडे म्हण आहे, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. आजच्या गोष्टीतला माणूस कूळ शोधायलाच घराबाहेर पडला. स्वतःच्या घराण्याचं नाही, अख्ख्या जमातीचं. युरोपातल्या एका डोंगराळ गावातून निघाला आणि थेट आपल्या लडाखमध्ये येऊन पोचला. नंतर आपल्याच देशात, दार्जिलिंगला, त्याचा शेवट झाला. नाव शांदोर चोमा. गाव कोरोश, म्हणून कोरोशी चोमा. इंग्रजांच्या कागदपत्रांत तो 'अलेक्झांडर चोमा द कोरोश' म्हणून भेटतो. तुमच्यापैकी कुणी झंस्कारला ट्रेक केला असेल, फुगताल गोम्पा पाहिला असेल, तर तिथे याच्या नावाचा दगडी फलक आहे. बहुतेकांनी त्याच्या शेजारी उभं राहून सेल्फी काढला असणार आणि नाव काही वाचलं नसणार.

तर गोष्ट सुरू होते नोव्हेंबर १८१९ मध्ये. आपल्याकडे पेशवाई बुडून दीडेक वर्ष झालं होतं. तिकडे लाहोरात रणजितसिंग जोरात होता, त्याच वर्षी त्यानं काश्मीर घेतलं होतं. आणि ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे तेव्हाच्या हाब्सबर्ग साम्राज्याच्या आणि आजच्या रोमानियाच्या एका कोपऱ्यात, नॉज्येन्येद नावाच्या गावात, एका सोमवारी सकाळी पस्तीस वर्षांचा चोमा आपल्या जुन्या शिक्षक-मित्राच्या दारात येऊन उभा राहिला. मित्राचं नाव हेगेद्यूश. त्यानं नंतर ही आठवण लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

चोमा आत येऊन बसलासुद्धा नाही. फक्त एकदा भेटून जावं म्हणून आलो, म्हणाला. अंगावर साधे हलके कपडे, जसा कुणी कोपऱ्यापर्यंत फेरी मारायला निघालाय. आदल्या दिवशी निरोपाची वाइन पिऊन झाली होती, बोलणंही होऊन गेलं होतं. दोघं गावाबाहेरच्या रस्त्यानं थोडं अंतर सोबत चालले. शेतं लागली तिथे हेगेद्यूश थांबला आणि चोमा नदीच्या दिशेनं पुढे निघून गेला. मित्र बराच वेळ पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. त्यानंतर दोघांची भेट कधीही झाली नाही.

वाटेत तेलेकी घराण्यातल्या एका उमरावानं त्याला पाहिलं अशीही आठवण सांगतात. पिवळट सुती कपडे, हातात काठी, पाठीला छोटंसं गाठोडं. उमरावानं विचारलं, कुठे निघालास? चोमानं सांगितलं की आशियात चाललोय, आपले भाऊबंद शोधायला.

जणू पुढच्या गल्लीत मावशी राहते आणि तिच्याकडे जेवायला बोलावलंय!

आता हे 'भाऊबंद' काय प्रकरण आहे ते सांगतो, नाहीतर माणूस वेडा वाटेल.

आपण मराठी माणसं या बाबतीत सुखी आहोत. आपण 'पाणी' म्हटलं की गुजराती माणसाला कळतं, हिंदीवाल्याला कळतं, पंजाब्याला कळतं. भाषा वेगळ्या असल्या तरी शेजारीपाजारी नातेवाईक आहेत. हंगेरियन भाषेचं तसं नाही. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला स्लाव भाषा, तिसरीकडे रोमानियन, आणि मधे ही एकटी. कुणाशी म्हणून जुळत नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस ही मंडळी पूर्वेकडून घोड्यांवर बसून आली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण पूर्वेकडून म्हणजे नक्की कुठून? मागे कोण राहिलं? ते अजून तिथेच असतील का, हीच भाषा बोलत असतील का? कुणी म्हणायचं आपण अटिला हूणाचे वंशज. कुणी मध्य आशियातल्या उइगर लोकांकडे बोट दाखवायचं, कारण त्या नावात आणि 'उंगर' या नावात कानाला साम्य वाटायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या शिकलेल्या तरुणांच्या डोक्यात हे विषय घोळत होते. चोमा आणि त्याच्या दोन वर्गमित्रांनी शपथ घेतली होती म्हणे की आपण जाऊन शोध लावायचा. ते दोघं संसारात, नोकरीत रमले असावेत. हा निघाला.

घरची परिस्थिती साधीच. वडील सीमेवर पहारा देणाऱ्या सैनिकांपैकी. नॉज्येन्येदच्या कॉलेजात चोमा शिकला तो तिथेच कामं करून, फी भागवत. आपल्याकडे वार लावून जेवणारी मुलं असायची ना, साधारण त्याच जातकुळीतला विद्यार्थी. जमिनीवर झोपायचं, साधं खायचं, ही सवय तेव्हाची. त्याच्या एका नातलगानं म्हातारपणी सांगितलं होतं की लहानपणी याच्याबरोबर चालायला जाणं कठीण. एका टेकडीच्या माथ्यावर पोचलं की बाकीच्यांचं समाधान व्हायचं, याला मात्र पलीकडे काय आहे याचीच चिंता.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि १८१६ मध्ये तो जर्मनीत ग्योटिंगनला गेला. दोन वर्षं तिथे. अरबी आणि तुर्की तिथे सुरू झाली. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, जर्मन, फ्रेंच, रोमानियन आधीच खिशात. इंग्रजीही घेतली. परत आल्यावर शिक्षकाची बरी नोकरी समोर होती, ती त्यानं नाकारली. मग फेब्रुवारी १८१९ मध्ये चालत क्रोएशियाच्या दिशेनं गेला, का, तर स्लाव भाषा शिकायला! कारण पहिला बेत असा होता की ओडेसामार्गे मॉस्को, तिथून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर इर्कुत्स्क आणि मग खाली चीनच्या उत्तरेला. त्या वाटेवर स्लाव भाषा लागणार. एका हितचिंतकानं यासाठी १०० फ्लोरिन दिले. हा गेला, काही महिने राहून शिकला आणि चालत परत आला.

मला या माणसाच्या निघण्यातली ही बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ते 'काठी आणि गाठोडं' रंगवून सांगतात. एक फकीर उठला आणि निघाला, असं चित्र. ते वाचायला छान वाटतं, पण त्यामागे वीस वर्षांची तयारी होती. त्याच्याकडे पैसे नव्हते, ओळखी नव्हत्या, नकाशे म्हणावेत तर त्या भागाचे धड नकाशे कुणाकडेच नव्हते. मग पैसे नसलेल्या माणसानं जी तयारी करता येते ती केली. भाषा शिकला. भाषेला वजन नसतं, कस्टमवाले अडवत नाहीत आणि डाकू लुटून नेत नाहीत.

पासपोर्टचा किस्सा तर ऐकाच. आशियात जायचं तर व्हिएन्नाचा शाही पासपोर्ट हवा. त्याला पैसे लागणार, वेळ लागणार, वर प्रश्न विचारले जाणार. चोमानं तो मागितलाच नाही. गावातूनच एक साधा छापील पासपोर्ट काढला, कारण दाखवलं की बुखारेस्टला काही काम आहे. बुखारेस्ट म्हणजे शेजारचाच प्रांत. आणि त्या कागदावर हा आशियाला निघाला! पुढे त्यानं स्वतःच इंग्रज अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात हे सगळं सरळ सांगून टाकलंय.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्यानं खिंड ओलांडली. तिचं नाव लाल बुरुजाची खिंड. पलीकडे वालाखिया, तुर्कांच्या अमलाखालचा मुलूख. बुखारेस्टमध्ये तुर्की भाषा पक्की करू म्हणाला, पण सोय झाली नाही. १ जानेवारी १८२० ला काही बल्गेरियन लोकांबरोबर पुढे निघाला. डॅन्यूब ओलांडली, सोफियाला पोचला. कॉन्स्टँटिनोपलला जायचं होतं तर तिथे प्लेगची साथ. वाट बदलली, समुद्रावर गेला, जहाजानं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला उतरला. तिथेही प्लेग! परत जहाज, सायप्रस, मग सीरियाचा किनारा, आणि तिथून पायी अलेप्पो.

मॅप उघडून बघा एकदा. रशियामार्गे चीनला जायचं ठरवलेला माणूस सहा महिन्यांत सीरियात. त्याचा एकही बेत ठरल्यासारखा झाला नाही. प्रत्येक ठिकाणी वाट बंद व्हायची आणि हा जी उघडी असेल ती धरायचा. फक्त दिशा सोडायचा नाही.

आणि आता थोडं खरं बोलू. 'एकटा पायी युरोपातून भारतात' असं याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. सगळं पायी नव्हतं. जहाजं झाली, मोसुलहून बगदादला तो नदीतून तराफ्यानं गेला, आणि बगदादहून तेहरानला तर चक्क घोड्यावर, युरोपियन कपडे घालून. एकटा म्हणावं तर बहुतेक वाटचाल काफिल्यांबरोबर, कारण त्या रस्त्यांवर एकट्या माणसाला पुढचं गाव दिसणं मुश्कील होतं. मग एकटा कसा? तर असा, की त्या काफिल्यातल्या कुणालाच हा खरा कोण, कशासाठी चाललाय, हे माहीत नसायचं. तांडा बदलला की कपडे बदलायचे. कपडे बदलले की नावही. शांदोर म्हणजेच अलेक्झांडर आणि अलेक्झांडर म्हणजे आपला सिकंदर, म्हणून पूर्वेकडे तो 'सिकंदर बेग' झाला. अडीच वर्षं स्वतःच्या भाषेत बोलायला माणूस नाही. ते एकटेपण मला चालण्यापेक्षा जड वाटतं.

ऑक्टोबर १८२० मध्ये तो तेहरानला पोचला. तिथे इंग्रजांच्या वकिलातीत विलॉक नावाचे दोघं भाऊ होते. त्यांनी त्याला आसरा दिला, मदत केली. चार-साडेचार महिने तो तिथे राहिला. फारसी शिकला, इंग्रजी सुधारली. आणि मग खरं निघणं आलं. इथून पुढे बुखारा. तिथे जाणाऱ्या युरोपियन माणसाच्या जिवाची कसलीही हमी नव्हती.

१ मार्च १८२१ ला तो निघाला तेव्हा त्यानं काय मागे ठेवलं, ते बघा. पुस्तकं ठेवली. कागदपत्रं ठेवली. शिक्षणाचे दाखले, युरोपियन कपडे आणि तो बुखारेस्टचा पासपोर्टसुद्धा. अंगावर वेगळाच वेश चढवला. विलॉककडे हंगेरियनमध्ये लिहिलेलं एक पत्र दिलं, आणि सांगितलं की बुखाराच्या वाटेवर माझं काही बरंवाईट झालं तर हे माझ्या देशात पाठवा.

आपण लांबच्या ट्रेकला निघताना आयडी प्रूफच्या तीन झेरॉक्स घेतो, लोकेशन शेअर करतो, घरी पोचल्यावर 'रीच्ड' म्हणून मेसेज टाकतो. हा माणूस आपण कोण आहोत याचा शेवटचा पुरावाही दुसऱ्याच्या कपाटात ठेवून पुढे गेला. सोबत राहिली ती डोक्यातली विद्या.

मशहदला लढायांमुळे सहा महिने अडकून पडला. नोव्हेंबरात बुखाराला पोचला. तिथे हिवाळा काढायचा बेत होता, पण मोठी रशियन फौज चाल करून येतेय अशा अफवा. पाच दिवसांत तिथूनही निघाला. बाल्ख, मग हिंदुकुशाच्या बाजूनं काबूल, ६ जानेवारी १८२२. ऐन थंडीत! पुढे डाका नावाच्या ठिकाणी त्याला दोन युरोपियन भेटले, अलार्ड आणि व्हेंचुरा. नेपोलियनच्या सैन्यातले हे दोघं रणजितसिंगाकडे नोकरी मागायला चालले होते. पुढे रणजितसिंगाच्या फौजेला युरोपियन कवायत शिकवणारे ते प्रसिद्ध सेनापती हेच. त्यांच्यासोबत चोमा मार्चमध्ये लाहोरला आला. तिथून अमृतसर, जम्मू, काश्मीर आणि ९ जून १८२२ ला लेह.

लेहहून पुढे यारकंद. म्हणजे उइगरांचा मुलूख. ज्यासाठी घर सोडलं ते आता फक्त डोंगरांपलीकडे. आणि इथे वाट साफ बंद झाली. रस्ता भयंकर अवघड, खर्चिक, आणि ख्रिश्चन माणसासाठी जिवावरचा, असं त्याला कळलं. खिसा तर रिकामाच होता.

तो परत फिरला. अडीच वर्षं चालून आलेला माणूस काश्मीरच्या वाटेनं उलटा निघाला. आणि जुलैच्या मध्यावर त्या वाटेवर समोरून आला विल्यम मूरक्रॉफ्ट.

हा मूरक्रॉफ्ट स्वतंत्र एपिसोडचा माणूस आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा घोड्यांचा डॉक्टर. बिहारमध्ये पुसाला कंपनीची घोड्यांची पैदास केंद्रं होती, तिथला प्रमुख. चांगल्या जातीचे घोडे मध्य आशियात मिळतील म्हणून हा गृहस्थ लडाखमध्ये येऊन बसला होता. म्हणजे हिमालयातल्या एका पाऊलवाटेवर एकमेकांना भेटले ते एक घोडे शोधणारा आणि एक भाऊबंद शोधणारा. दोघांनाही हवं होतं ते मिळालं नव्हतं.

मूरक्रॉफ्टकडे एक पुस्तक होतं, रोममध्ये १७६२ मध्ये छापलेलं, तिबेटी लिपी आणि भाषेवरचं, लॅटिनमध्ये. त्यानं ते चोमाला वाचायला दिलं. पुस्तक अपुरं होतं, चुकांचं होतं. चोमानं ते वाचलं आणि त्याला वाटलं की तिबेटी ग्रंथांत मध्य आशियातल्या जुन्या लोकांच्या नोंदी सापडतील, त्यात आपलेही असतील. मूरक्रॉफ्टलाही तिबेटी जाणणारा माणूस हवा होता, कारण इंग्रजांच्या दृष्टीनं त्या भाषेला राजकीय मोल होतं. त्यानं पैसे दिले, लडाखच्या अधिकाऱ्यांना पत्रं दिली. चोमाला वाटलं होतं, थोडे दिवस थांबू, भाषा शिकू, मग पुढे जाऊ.

ते थोडे दिवस वीस वर्षांचे झाले.

झंस्करमधलं झांगला. जून १८२३ ते ऑक्टोबर १८२४. नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद खोली. खोलीत चोमा, त्याचे गुरू सांग्ये फुन्त्सोग लामा आणि एक नोकर. हिवाळ्यात तीन-चार महिने बर्फामुळे बाहेर पाऊल टाकणं अशक्य. खोलीत शेकोटी नाही. अंधार पडला की दिवा नाही. मेंढीच्या कातड्याचा झगा गुंडाळून, हात काखेत घालून सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचत बसायचं. पान उलटायला हात बाहेर काढावा लागायचा आणि थंडीमुळे तेवढंसुद्धा धाडस वाटायचं. हे चोमानं स्वतः फारसं कुणाला सांगितलेलं नाही. पुढे डॉक्टर जेरार्ड नावाच्या इंग्रजानं त्याला भेटून लिहून ठेवलंय.

तो खाली साबाथूला आला तेव्हा कंपनी सरकारला पहिला प्रश्न पडला, हा हेर तर नाही? युरोपियन माणूस, फाटके कपडे, दहाबारा भाषा येतात, कागद नाहीत. कोणालाही संशय येईल. तिथल्या कॅप्टन केनेडीनं त्याला थांबवून ठेवलं आणि तू कोण, कुठून आलास, सगळं लिहून दे म्हणून सांगितलं. त्यावर चोमानं जानेवारी १८२५ मध्ये जे पत्र लिहिलं, त्यामुळेच आज आपल्याला त्याच्या प्रवासाच्या तारखा माहीत आहेत. संशय घेतल्याबद्दल केनेडीचे आभारच मानायला हवेत! सरकारनं चौकशी करून त्याला महिना ५० रुपये देऊ केले. त्यातून फुगताल आणि मग किन्नौरमधलं कानम, अशी आणखी कितीतरी वर्षं गेली. शेवटी कलकत्ता, आणि १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश आणि तिबेटी व्याकरण छापून आलं. प्रत्येकी ५०० प्रती. युरोपातला तिबेटी विद्येचा अभ्यास खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला. शब्दकोशाच्या प्रस्तावनेत त्यानं आवर्जून लिहिलंय की मला कुठल्याही सरकारनं माहिती काढायला पाठवलेलं नाही, आणि मी हौसेखातर फिरणारा श्रीमंतही नाही, गरीब विद्यार्थी आहे. साबाथूचा संशय मनाला लागला असावा.

आता मधेच तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी मला ही सगळी वाचताना सगळ्यात जास्त टोचली.

हंगेरियन भाषेचे नातेवाईक कोण, या प्रश्नाचं उत्तर चोमा निघण्याच्या आधीच मिळालेलं होतं. १७७० मध्ये शाइनोविच नावाच्या हंगेरियन पाद्र्यानं दाखवलं होतं की उत्तर ध्रुवाजवळच्या सामी लोकांच्या भाषेशी आपली भाषा जुळते. १७९९ मध्ये ग्यारमाथी या अभ्यासकानं फिनिश आणि तत्सम भाषांशी व्याकरणाची तुलना करून ते आणखी पक्कं केलं. पाण्याला फिनिशमध्ये 'वेसी', हंगेरियनमध्ये 'वीझ'. हाताला 'कासी' आणि 'केझ'. माशाला 'काला' आणि 'हाल'. हा ग्यारमाथी होता चोमाच्याच ट्रान्सिल्व्हेनियाचा. आणि त्याचं पुस्तक छापलं गेलं ते ग्योटिंगनमध्ये. जिथे सतरा वर्षांनी चोमा शिकायला गेला, त्याच गावात!

मग लोकांनी ते उत्तर का घेतलं नाही? कारण ते आवडलं नाही. अटिलाचे वंशज म्हणवून घेणाऱ्यांना कोळ्यांशी आणि रेनडिअर पाळणाऱ्यांशी सोयरीक कशी रुचणार? त्याला ते कुत्सितपणे 'माशाचा वास येणारं नातं' म्हणायचे. (कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांनी मनावर घेऊ नये.) कूळ शोधायला निघालेल्याला भारदस्त कूळच हवं असतं, ही गोष्ट आपल्याला काही नवीन नाही. वंशावळ्या लिहून देणारे भाट आपल्याकडेही होतेच की.

चोमाला मी त्या कुत्सित मंडळींत धरत नाही. त्यानं कुणाला हिणवल्याचं कुठे दिसत नाही, आणि आयुष्यभर तो ज्यांच्यात राहिला ते लामा आणि डोंगरी लोक काही राजघराण्यातले नव्हते. पण तो ज्या दिशेला चालत होता त्या दिशेला त्याचे भाऊबंद नव्हते, हेही खरंच आहे.

कलकत्त्यात तो एशियाटिक सोसायटीचा ग्रंथपाल झाला. तिथल्या त्याच्या राहणीच्या हकिगती प्रसिद्ध आहेत. पुस्तकांच्या चार पेट्या मांडायच्या, मधे चटई टाकायची, तिथेच बसायचं, तिथेच लिहायचं, तिथेच झोपायचं. चहा आणि साधा भात. एक निळा पोशाख, तोच रोज. शोफ्ट नावाचा हंगेरियन चित्रकार १८४० मध्ये कलकत्त्यात होता. त्यानं चोमाचं चित्र काढलं, नाहीतर हा माणूस दिसायचा कसा तेही आपल्याला कळलं नसतं. संस्कृत शिकला, बंगाली शिकला. मान मिळाला, छत मिळालं, लायब्ररीच्या किल्ल्या हातात. आणखी काय हवं?

फेब्रुवारी १८४२ मध्ये तो पुन्हा निघाला.

वय ५८ च्या घरात. या वेळी बेत ल्हासाचा. तिथल्या जुन्या ग्रंथालयांतून शोध घ्यायचा आणि तिथून पुढे उत्तरेकडे, 'युगर' लोकांच्या देशात. म्हणजे १८१९ मध्ये मित्राच्या दारात उभं राहून जे ठरवलं होतं, तेच. मधली वीस-बावीस वर्षं, तो शब्दकोश, ते व्याकरण, जगभरच्या पंडितांकडून झालेलं कौतुक, हे सगळं त्याच्या लेखी वाटेतलं काम होतं.

हिमालयाच्या पायथ्याशी तराईचा पट्टा लागतो. दलदल, जंगल आणि मलेरिया. डासामुळे मलेरिया होतो हे रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत दाखवलं ते १८९७ मध्ये, अजून पंचावन्न वर्षांनी. तेव्हा एवढंच माहीत होतं की तराईत रात्र काढू नये. चोमा तो पट्टा ओलांडून २४ मार्चला दार्जिलिंगला पोचला. एप्रिलच्या सुरुवातीला ताप भरला.

दार्जिलिंगचा अधिकारी होता आर्चिबाल्ड कॅम्पबेल, तो स्वतः डॉक्टर. तो रोज बघायला यायचा. औषध घे म्हणायचा, हा टाळायचा. ताप उतरला त्या एका दिवशी चोमा चांगला खुलून बोलला. त्याआधी सिक्कीमच्या राजाचा वकील त्याला भेटून गेला होता आणि हा गोरा माणूस एवढं तिबेटी, एवढं बौद्ध ग्रंथांचं ज्ञान कुठून घेऊन आला याचा त्याला अचंबा वाटला होता. आता ल्हासाची परवानगी मिळणार असं दिसत होतं. कॅम्पबेलला चोमानं हूण, उंगर, युगर या नावांबद्दल समजावून सांगितलं, तो देश ल्हासाच्या पलीकडे असणार म्हणून सांगितलं. कॅम्पबेलनं लिहिलंय की त्याच्या सगळ्या आशा त्या एका देशावर खिळलेल्या होत्या.

११ एप्रिल १८४२ च्या पहाटे तो गेला. ल्हासा त्यानं पाहिलं नाही.

सामानाची यादी कॅम्पबेलनंच केली. पुस्तकांच्या आणि कागदांच्या चार पेट्या, तो निळा पोशाख, थोड्या चादरी आणि स्वयंपाकाचं एक भांडं.

जपानमधल्या बौद्ध अभ्यासकांनी १९३३ मध्ये त्याला बोधिसत्त्व म्हणून मान दिला. कॅल्व्हिनपंथी ख्रिश्चन शाळेत वाढलेल्या माणसाला! हंगेरीत तो शाळेच्या पुस्तकात आहे. तिकडचे लोक आजही झांगलाची ती खोली शोधत येतात, आणि हंगेरियन स्वयंसेवकांनी तिथल्या जुन्या राजवाड्याच्या डागडुजीला आणि गावातल्या शाळेला हातभार लावलाय.

दार्जिलिंगची कबर लेबाँग कार्ट रोडवरच्या जुन्या दफनभूमीत आहे. एशियाटिक सोसायटीनं तिच्यावर दगड बसवला, आता ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तिकडे फिरायला जाल तेव्हा टॉय ट्रेन आणि चहाच्या मळ्यांचे फोटो काढून झाले की अर्धा तास काढून जाऊन या. रस्ता उताराचा आहे, बूट बरे घाला.